पहिली जाड, सहावी बारीक : एका बोद्या गिटारचं प्रकरण

गिटार माझ्याकडे आली तेव्हा तिच्यावर तेराचा, म्हणजे जाड तारांचा, सेट चढवलेला होता आणि तिची मालकीण चांगलीच वैतागलेली होती. "दादा, सगळे म्हणाले जाड तारा लाव, आवाज मोठा होईल. झाला मोठा. पण जो नको होता तोच झाला."

निम्मं निदान या वाक्यातच होतं. मी ते ऐकलं, मान हलवली आणि पुढचे दोन आठवडे भलतीकडेच शोधत राहिलो.

वाद्य साधंच. ड्रेडनॉट आकाराची, म्हणजे मोठ्या पेटीची, स्टीलच्या तारांची अकूस्टिक. पुढची फळी स्प्रूसच्या लाकडाची. नटपासून (खुंट्यांकडची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंत (फळीवरच्या ब्रिजमधली पट्टी, जिच्यावर तारा टेकतात) लांबी २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर. मालकीण गाते आणि स्वतःच साथ करते. बहुतेक वेळ पिकने कॉर्ड, एखाद्या गाण्यात नुसती बोटं. सोलो वाजवत नाही, तार ताणून सूर चढवत नाही. हे आधी विचारून घेतलेलं बरं असतं, कारण बेंड करणाऱ्याला जो सेट सुचवायचा तो हिच्या काही कामाचा नाही.

मूळ तक्रार तेराच्या सेटच्याही आधीची. बाराच्या सेटवर पाचवी-सहावी तार ढबढब करायची, कॉर्ड बदलला तरी आधीचा घुमारा रेंगाळायचा, आणि पहिल्या दोन तारा असून नसल्यासारख्या. एकंदर आवाज बोदा. (तारांना मी इथे क्रमांकानेच हाक मारणार आहे: पहिली सगळ्यात बारीक आणि उंच सुराची, सहावी सगळ्यात जाड आणि खर्जाची. 'वरची तार' म्हटलं की कुणाला वरच्या सुराची वाटते, कुणाला छताकडची, आणि त्या दोन नेमक्या उलट्या टोकांना असतात.)

तेरा म्हणजे किती

सेटला आपण पहिल्या तारेवरून ओळखतो. बाराचा सेट म्हणजे ज्याची पहिली तार ०.०१२ इंच जाडीची आहे तो. पाकिटावर दुसरा आकडा असतो सहावीचा, बाराच्या सेटला बहुतेकदा ५३, म्हणजे ०.०५३ इंच. बारा आणि तेरा यांच्या पहिल्या तारांत फरक इंचाच्या एका हजारांशाचा, म्हणजे ०.०२५ मिलिमीटरचा. डोक्यावरच्या केसाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा. एवढ्याने काय होणार, असं कुणालाही वाटेल.

पण सूर तोच आणि लांबी तीच ठेवली, तर तारेचा ताण जाडीच्या वर्गाने वाढतो. तेराचा वर्ग भागिले बाराचा वर्ग करून पाहा, सतरा टक्क्यांच्या वर उत्तर येतं. पहिल्या तारेपुरता हा ताण साडेदहा किलोवरून जवळपास साडेबारा किलोवर जातो. तारेची लांबी, वजन, ताण आणि सूर यांचं हे नातं मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६३६ साली छापून ठेवलं आहे. तेव्हापासून त्यात काही बदल झालेला नाही.

सहाही तारांची बेरीज केली तर बाराचा सेट साधारण ७४ किलोंनी ओढतो आणि तेराचा ८५-८६ किलोंनी. मी हे आकडे फॉस्फर ब्राँझच्या (जाड तारांवरच्या गुंडाळीचा धातू) सेटचे आणि नेहमीच्या ट्यूनिंगचे देतोय. कंपन्या ते पौंडात छापतात, मी किलोत करून घेतले. कंपनीगणिक थोडं मागेपुढे होतं. म्हणजे ज्या नेकवर, गिटारच्या मानेवर, आणि ज्या पातळ फळीवर आधीच ७४ किलोंचा भार होता, त्यावर तिने आणखी अकरा-बारा किलो चढवले होते, आणि त्यानंतर सेटिंगला हातही लावलेला नव्हता.

त्याचे परिणाम मोजता येत होते. पहिला आणि शेवटचा फ्रेट (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) दाबून धरायचा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पट्टी सरकवायची, तिथे ०.४ मिलिमीटरची फट निघाली. मला ०.२ च्या आसपास आवडते. बाराव्या फ्रेटवर सहावी तार ३ मिलिमीटर उंच. एफचा बार कॉर्ड, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा कॉर्ड, धरताना तिच्या तर्जनीचं पेर पांढरं पडत होतं. आणि दुसरी तार सुरात आणताना खुंटी थोडी पिळली तर सूर हलायचाच नाही, आणखी थोडी पिळली की नटपाशी 'टिक' असा बारीक आवाज होऊन एकदम पाव सूर वर उडी. नटच्या खाचेत तार अडकते त्याची ही खूण. खाच सोळाच्या तारेच्या मापाची, बसवलेली तार सतराची.

तरीही तिने तो सेट सहा आठवडे ठेवला होता. का, तर "पहिल्या दिवशी फार छान वाजली होती".

साहजिक आहे. पहिल्या दिवशी कुठलाही सेट छान वाजतो. नव्या तारांची गुंडाळी स्वच्छ असते, वरचे स्वर मोकळे निघतात. तिने तेरा लावले तेव्हा उतरवलेला बाराचा सेट आठ महिन्यांचा होता. म्हणजे तिच्या कानाने तेराची तुलना बाराशी केलीच नव्हती, नव्याची जुन्याशी केली होती. माझ्या मते तारांबद्दलची निम्मी ठाम मतं अशीच तयार होतात, माझी स्वतःची काही धरून.

आधी जिथे होतो तिथे

म्हणून मी पहिलं काम हे केलं की तेराचा सेट उतरवून पुन्हा बाराचाच चढवला. त्याच कंपनीचा, त्याच धातूचा, पण नवा. ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) पाव फेऱ्याने सैल-घट्ट करत फट ०.२ वर आणली. तारा एक रात्र ताणाखाली राहू दिल्या, सकाळी पुन्हा सुरात आणल्या आणि मग ध्वनिमुद्रण केलं. फोन स्टँडवर, साउंडहोलच्या (फळीवरच्या गोल भोकाच्या) जरा बाजूला, एक मीटर अंतरावर. पिक तोच. आधी जी, डी, ए मायनर, सी या चार कॉर्डांचं एक आवर्तन, मग प्रत्येक मोकळी, म्हणजे कुठेही न दाबलेली, तार एकेकदा छेडून विझेपर्यंत.

हा सोपस्कार कंटाळवाणा आहे, पण त्याच्याशिवाय पुढचं सगळं नुसतं 'मला वाटतं' होतं.

ऐकल्यावर पहिली गोष्ट कळली ती अशी की निम्मा बोदेपणा गेला होता. तो जाडीचा नव्हताच, आठ महिन्यांच्या घामाचा आणि मळाचा होता. उरलेला निम्मा मात्र खरा होता. मोकळी पाचवी छेडली की फळीवर ठेवलेल्या तळहाताला थरथर लागायची. पहिली छेडली की स्वर चटकन येऊन विरून जायचा, आस म्हणून नाहीच. मधल्या दोन तारा ठीक. कॉर्ड वाजवला की खालून ढोल आणि वरून पुसटशी किणकिण.

अकराचा मोह

आता माझी चूक. आवाज बोदा आहे, म्हणजे चमक हवी. चमक हवी, म्हणजे बारीक तारा. हा हिशेब इतका ओठांवर असतो की मी अकराचा सेट काढला आणि लावला. फट कमी झाली, नेक किंचित मागे गेली, दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटवर सहावी खरखरायला लागली. ट्रस रॉड थोडा सैल केला, खरखर गेली. तिला बोलावलं.

तिने दोन मिनिटं वाजवलं, खूश झाली. मग गायला लागली आणि अर्ध्यात थांबली. "दादा, हात हलका झालाय. पण तक्रार तीच आहे. उलट आता पहिली तार आणखीच गेली."

ध्वनिमुद्रण लावून पाहिलं, ती बरोबर होती. खालचा ढोल जशाच्या तसा आणि वरची किणकिण आणखी पातळ. मग मी पाकिटाची मागची बाजू नीट वाचली. इतकी वर्षं तारा बदलतोय आणि ही गोष्ट मी कधी शेजारी-शेजारी ठेवून पाहिली नव्हती, हे सांगायला जरा लाजच वाटते. बाराच्या सेटात असतात १२, १६, २४, ३२, ४२, ५३. अकराच्या त्या सेटात ११, १५, २२, ३२, ४२, ५२.

चौथी आणि पाचवी तीच! सहावी नावापुरती बारीक. अकराचा सेट म्हणून मी जो काही हलकेपणा आणला होता तो सगळा पहिल्या तीन तारांवर. पहिली साडेदहा किलोवरून नऊच्या खाली आली होती, तिसरी पावणेचौदावरून साडेअकराच्या घरात. पाचवी मात्र जिथल्या तिथे, पावणेचौदा किलोच्या वरच. जी तार आधीच दुबळी होती तिचंच बळ मी काढून घेतलं होतं, आणि जी दांडगाई करत होती तिला हातही लावला नव्हता.

तेराच्या सेटात उलट घडलं होतं. १३, १७, २६, ३५, ४५, ५६: सगळ्याच वाढलेल्या. पहिलीला हवं ते बळ मिळालं होतं, पण पाचवी-सहावीलाही दहा ते चौदा टक्के जादा मिळालं. वर उजेड आला आणि खालचा ढोल आणखी मोठा झाला. 'जो नको होता तोच झाला.' सेटवर छापलेला आकडा पहिल्या तारेचा असतो. हिची तक्रार होती पाचवीची आणि पहिलीची, आणि त्या दोघींना परस्परविरुद्ध औषध हवं होतं. एका आकड्याने ते होणारच नव्हतं.

पेटीचा स्वतःचा सूर

वेगवेगळ्या सेटांतल्या तारा घेऊन मिश्र सेट करायचा ठरवण्याआधी एक गोष्ट तपासायची होती. ढोल तारांचा आहे की पेटीचा?

गिटारच्या पोकळीतल्या हवेला स्वतःचा एक सूर असतो, बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की निघतो तसाच. ड्रेडनॉटमध्ये तो साधारण १०० हर्ट्झच्या आसपास. तो शोधायची सोपी रीत आहे. तारांवर हात ठेवून त्या गप्प करायच्या, तोंड साउंडहोलपाशी न्यायचं आणि खर्जातून हळूहळू वर गुणगुणत जायचं. एका ठिकाणी पेटी एकदम साथ देते. आवाज आपल्या घशातून नाही, लाकडातून आल्यासारखा वाटतो आणि छातीशी धरलेल्या मागच्या फळीला गुदगुल्या होतात. तिचा गळा इतका खाली जात नाही, त्यामुळे गुणगुणायचं काम माझ्याकडे आलं आणि हसायचं तिच्याकडे.

पेटीने साथ दिली ती सहावीच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी आणि मोकळी पाचवी म्हणजे ए, यांच्या बरोबर मधे. जी ९८ हर्ट्झ, ए ११०. तिच्या गाण्यांतले निम्मे कॉर्ड याच दोन स्वरांवर उभे. म्हणजे ती जेव्हा जेव्हा जी किंवा ए मायनर वाजवायची, तेव्हा पेटी आपणहून त्यात भर घालायची.

याचा अर्थ असा की ढोल तारांनी सुरू होत होता, पण फुगत होता पेटीत. पेटी बदलता येत नाही. तिच्यात शिरणारी ताकद मात्र कमी करता येते, आणि ती ठरते तारेच्या ताणावर आणि वजनावर. तितक्याच अंतराने बाजूला ओढून सोडलेली जास्त ताणाची तार सॅडलला जास्त जोराने हलवते. पहिली-दुसरीला हा जोर हवा होता, पाचवी-सहावीचा काढायचा होता.

पाचवी-सहावी बारीक करण्यात आणखी एक लाभ असतो, तो फारसा कुणी बोलत नाही. जाड तार वाकायला ताठ असते. जितकी ताठ, तितके तिचे वरचे उपस्वर मूळ स्वराच्या अचूक पटीपासून वर सरकतात आणि लवकर मरतात. म्हणून तर जाड तारा वाउंड करतात: आत बारीक गाभा, वर गुंडाळी, म्हणजे वजन वाढतं पण ताठरपणा त्या मानाने वाढत नाही. बारीक वाउंड तारेत हे उपस्वर अधिक स्वच्छ निघतात, त्यामुळे खर्ज कमी झाला तरी स्वर ओळखू येतो. आपल्याला 'ढब्ब'ऐवजी 'ढण्ण' हवा होता, इतकंच.

सुट्या तारा

मिश्र सेट सुट्या तारांचा केला. पहिली १३ आणि दुसरी १७, म्हणजे तेराच्या सेटातल्या. तिसरी २४, बाराच्या सेटातली. तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. चौथी ३०, पाचवी ३९ आणि सहावी ४७, या तिन्ही दहाच्या सेटातल्या. तिला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना: तीन सेट फोडून एक?

सगळ्यात आधी एकूण ताण मोजला, कारण फळीला पाकिटावरची नावं कळत नाहीत, तिला बेरीज कळते. ही बेरीज आली ७१-७२ किलो. पहिली तेराची असूनही एकूण भार साध्या बाराच्या सेटपेक्षा कमी! 'तेरा लावले तर ब्रिज उखडेल' ही भीती पुऱ्या सेटला लागू पडते. एका तारेला नाही.

आता वाटणी अशी झाली की पहिली साडेबाराच्या जवळ, दुसरी बाराच्या जवळ, पाचवीही बाराच्या आत. आधी पाचवी पहिलीपेक्षा सव्वातीन किलो पुढे होती. आता पहिली तिच्या थोडी पुढे गेली.

पहिलं आवर्तन वाजवलं आणि ती काहीच बोलली नाही. पुन्हा वाजवलं. मग फक्त पहिली तार छेडून ती विझेपर्यंत ऐकत बसली. आस आली होती. पाचवीचा ढोलही बसला होता. पण तिसऱ्या गाण्यात, जिथे ती जोरात स्ट्रम करते, तिथे सहावी फसली. ४७ ची तार साडेनऊ किलोच्या आसपास ओढलेली. जोरात मारलं की लोंबकळल्यासारखी झुलायची, फ्रेटवर आपटून खरखरायची, आणि प्रत्येक आघाताला सूर क्षणभर वर चढून मग खाली यायचा. ट्यूनरच्या काट्यावर हे स्पष्ट दिसतं: काटा उजवीकडे उडी मारतो आणि सावकाश मधे परततो. सैल तारेला जोरात ओढलं की ती ताणली जाऊन तिचा सूर चढतो, त्याचा हा खेळ.

इथे दोन रस्ते होते. सॅडल उंच करून खरखर थांबवायची, किंवा तार बदलायची. सॅडल उंच केला असता तर एफचा बार कॉर्ड पुन्हा जड झाला असता आणि सूर चढण्याचा प्रश्न तसाच राहिला असता. म्हणून ४७ काढून ५० ची सुटी तार लावली. ताण पावणेअकराच्या आसपास आला, एकूण बेरीज सुमारे ७३. खरखर गेली, काट्याची उडी निम्म्याहून कमी झाली. ढोल ४७ पेक्षा किंचित वाढला, पण बाराच्या सेटातल्या ५३ च्या जवळपासही नाही.

अखेरचा सेट: १३, १७, २४, ३०, ३९, ५०.

मग शहानिशा. बाराच्या, अकराच्या आणि मिश्र सेटच्या ध्वनिमुद्रणांची पातळी सारखी करून घेतली, कारण जे मोठं वाजतं ते कानाला चांगलं वाटतंच. तिच्या एका मैत्रिणीने क्रम उलटसुलट करून, नावं न सांगता ऐकवलं. मालकिणीने जवळजवळ दरवेळी मिश्र सेटच निवडला. गंमत म्हणजे नव्या बाराच्या आणि अकराच्या कॉर्डांमध्ये तिला फरक सांगता येईना, मलाही नीट आला नाही. एकटी पहिली तार ऐकवली तेव्हाच तो कळला. हातातला हलकेपणा आपण किती सहज कानाच्या नावावर जमा करतो!

किरकोळ, पण राहून जाणारं

दुसऱ्या तारेची नटमधली खाच सतराच्या मापाच्या कानशीने हलकेच रुंद केली, खोल नाही. 'टिक' बंद झाली. पहिलीच्या खाचेत तेराची तार आधीच मोकळी बसत होती. बारीक केलेल्या चौथी-पाचवीसाठी मूळ खाचा ०.०५ ते ०.०८ मिलिमीटरने रुंद पडत होत्या. तेवढ्याने तार आत लटपटत नाही, म्हणून तिथे काही केलं नाही. त्यापेक्षा बऱ्याच बारीक तारा टाकल्या असत्या तर नट नवा करावा लागला असता.

एफच्या कॉर्डाचं दुखणं मुळात तारेच्या जाडीचं कमी आणि नटच्या उंचीचं जास्त होतं. खाचा थोड्या खोल केल्यावर तेराची पहिली तार असूनही तो कॉर्ड आधीच्या बाराच्या सेटपेक्षा सोपा झाला. 'बोटं दुखतात, बारीक तारा लाव' असं सांगण्याआधी पहिल्या फ्रेटपाशी तार किती उंच आहे ते पाहावं.

ती एकदा म्हणाली की आता पहिली तार तुटणार तरी नाही, जाड आहे ना. हा समज सगळीकडे आहे. साध्या स्टीलच्या तारेचा ताण जाडीच्या वर्गाने वाढतो आणि तिचं काटछेदाचं क्षेत्रफळही जाडीच्या वर्गानेच वाढतं. त्यामुळे त्याच सुराला पोलादावर पडणारा जोर बारा असो की तेरा, सारखाच असतो. खुंटी पिळत गेलं तर तत्त्वतः दोन्ही एकाच सुरावर तुटतील. बारीक तार आधी तुटते ती पिकचे घाव, गंज आणि नटची धार यांना तिच्यात पुरायला कमी पोलाद असतं म्हणून.

आणि हे सगळं स्टीलच्या अकूस्टिकचं. नायलॉन तारांच्या गिटारवर एकूण ताण ४० किलोच्या आसपास असतो. तिच्यावर यातला कुठलाही सेट चढवणं म्हणजे ती मोडायला घेणं. इलेक्ट्रिकचा हिशेब वेगळा, तिथे पेटीचा ढोल नाही आणि बेंडला महत्त्व. अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन तेराची पहिली तार वापरायचा असं लोक ऐकतात आणि हात सोलून घेतात. तो गिटार अर्धा सूर उतरवून लावायचा, हे अर्धं सांगितलं जात नाही. अर्धा सूर उतरवला की ताण ११ टक्क्यांनी घटतो.

त्यानंतर

मोकळ्या पाचवीला अजूनही थोडा घुमारा आहे. पेटीचा सूर तिथेच आहे, तो कुठे जाणार? धातू बदलून पाहायचा विचार होता. फॉस्फर ब्राँझऐवजी ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्ताची गुंडाळी नवी असताना जास्त खणखणीत वाजते. पण तिने नको म्हटलं. ए मायनर धरताना ती आता सहावीला अंगठ्याने गप्प करून ठेवते आणि पिक साउंडहोलच्या मागे, ब्रिजकडे दोन बोटं सरकवून मारते. त्याने जेवढा फरक पडला तेवढा तिला पुरला.

दोन महिन्यांनी ती पुन्हा आली ती वेगळ्याच गोष्टीसाठी. गुंडाळीच्या तारा मळून बोद्या झाल्या होत्या, पण पहिल्या दोन अजून बऱ्या होत्या, त्यामुळे तोल आता वरच्या बाजूला झुकला होता. सुट्या तारांचा इथे फायदा झाला: फक्त तिसरी ते सहावी बदलल्या. आता ती गुंडाळीच्या तारा दोनदा बदलते तेव्हा साध्या एकदा.

गेल्या आठवड्यात तिने विचारलं, "दादा, दोन गाणी अर्धा सूर खाली घ्यायची आहेत. नुसती उतरवू का?"

मी कागदावर हिशेब केला. ५० ची सहावी अर्धा सूर उतरवली की तिचा ताण साडेनऊ किलोवर येतो. ४७ लावली होती तेव्हा जिथे खरखर आणि काट्याच्या उड्या होत्या, बरोबर तिथे. ५३ अर्धा सूर उतरवली तर साडेदहा. ५० नेहमीच्या सुरात जिथे नीट वाजते, साधारण तिथेच. बाराच्या सेटातली जी सहावी आम्ही पहिल्यांदा काढून टाकली होती, तीच परत हवी होती.

ती फुकट गेलेल्या पाकिटात गुंडाळून ठेवलेली होती, एकदा वापरलेली, पण फार नाही. मी ती तिच्या हातात दिली.